स्मॉक, शिफ्ट, शमीज : एका कपड्याची तीन नावे

पोशाखाच्या इतिहासात एक घोटाळा नेहमी होतो. मृत व्यक्तींच्या मालमत्तेच्या जुन्या याद्यांतून एखादे नाव दिसेनासे झाले की तो कपडाही गेला असे धरले जाते. इंग्लंडमधील स्त्रियांच्या आतल्या झग्याचे उदाहरण पाहिले तर हा तर्क किती कच्चा आहे ते कळते.

हा झगा लिननचा, थेट अंगावर घालायचा. राणीपासून मोलकरणीपर्यंत सगळ्याजणी तो वापरत. फरक कापडाच्या पोताचा. कापड महाग, म्हणून तो चौकोनी-तिकोनी तुकड्यांतून असा बेतत की चिंधीसुद्धा वाया जाऊ नये. वरचे लोकरी-रेशमी कपडे धुणे अवघड होते. त्यामुळे घाम शोषण्याचे आणि वारंवार धुतले जाण्याचे काम या झग्याकडे आले. धुण्यात अदलाबदल होऊ नये म्हणून त्यावर मालकिणीची आद्याक्षरे टाक्यांनी काढत.

त्याचे जुने नाव 'स्मॉक'. १७व्या शतकापासून ते गावंढळ वाटू लागले आणि 'शिफ्ट' रूढ झाला; अर्थ सरळ, बदलायचा कपडा. पुढे 'शिफ्ट'ही चारचौघांत उच्चारवेना, तेव्हा १९व्या शतकात फ्रेंच 'शमीज' पुढे आला. काटछाट थोडी बदलली, काम तेच राहिले. पुरुष थेट अंगावर घालत तो 'शर्ट' मात्र जुन्या इंग्रजीपासून आजवर त्याच नावाने चालू आहे. या दोन कपड्यांपैकी नाव पुन्हा पुन्हा झाकावे लागले ते बाईच्या कपड्याचे, ही गोष्ट नजरेआड करू नये.

हा संकोच किती खोल होता ते जानेवारी १९०७ मध्ये डब्लिनला दिसले. ॲबी थिएटरमध्ये जे. एम. सिंग यांच्या 'द प्लेबॉय ऑफ द वेस्टर्न वर्ल्ड' या नाटकाचा पहिला प्रयोग होता. बापाला मारल्याची फुशारकी मिरवणारा नायक आणि आयरिश खेडुतांचे चित्रण अनेकांना खटकतच होते. पण तिसऱ्या अंकात 'शिफ्ट' शब्द आला आणि प्रेक्षागृहात गोंधळ माजला. लेडी ग्रेगरींनी कवी येट्स यांना केलेल्या तारेतही त्याच शब्दाचा उल्लेख होता.

टाकून दिलेले 'स्मॉक' हे नाव तोवर इंग्रज शेतमजुरांच्या वरून घालायच्या ढगळ अंगरख्याला चिकटले होते. 'शमीज' मराठी घरांत आला, आणि त्याच कुळातला मानला जाणारा 'कमीज' तर अरबीतून आपल्याकडे कधीच पोहोचला होता.