ओपन सोर्समधील स्वयंसेवकांच्या कामाची दखल कशी घेतली जाते?

गडचिरोली जिल्ह्यातील आलापल्ली सागवानाच्या जंगलासाठी ओळखले जाते. येथून भामरागड, एटापल्ली आणि सिरोंचाकडे रस्ते फुटतात. भामरागडजवळ पर्लकोटा नदीला पूर आल्यावर पूल पाण्याखाली जाऊन पलीकडच्या गावांचा संपर्क तुटल्याचे प्रकार घडले आहेत. अशा भागात कोणता नाला कुठे आडवा येतो, कोणता टोला कुठे आहे, हे नकाशावर असणे मोलाचे ठरते. 'ओपनस्ट्रीटमॅप' या खुल्या नकाशात ही माहिती कोणीही भरू शकते. त्याचे पैसे मिळत नाहीत. मग भरणाऱ्याला मिळते काय?

ओपनस्ट्रीटमॅप म्हणजे काय?

स्टीव्ह कोस्ट यांनी २००४ मध्ये ब्रिटनमध्ये हा प्रकल्प सुरू केला. जगभरचे स्वयंसेवक त्यात रस्ते, नद्या, वस्त्या भरतात. ही माहिती कोणालाही फुकट वापरता येते, मात्र 'ओपनस्ट्रीटमॅपचे योगदानकर्ते' असे श्रेय देणे परवान्यानुसार बंधनकारक आहे. हे श्रेय सर्वांचे मिळून असते.

एकेकट्याच्या कामाची नोंद

प्रत्येक बदल 'चेंजसेट' म्हणून साठवला जातो. तो कोणत्या खात्यावरून, कधी आणि कुठे झाला, हे कोणालाही पाहता येते. सॉफ्टवेअर प्रकल्पांत हेच काम 'गिट' करते. लिनस टॉरवाल्ड्स यांनी ते २००५ मध्ये तयार केले. त्यात कोड लिहिणारा आणि तो प्रकल्पात नोंदवणारा, यांची नावे वेगवेगळी राहतात. लिनक्स कर्नलमध्ये दोष कळवणाऱ्याचे, चाचणी घेणाऱ्याचे आणि कोड तपासणाऱ्याचे नावही जोडता येते. मोठ्या शहरापासून दूर राहणाऱ्या तरुणाला नोकरीसाठी दाखवता येईल असा हा उघड पुरावा असतो.

शाबासकीपलीकडे मताचा हक्क

ओपनस्ट्रीटमॅपमध्ये २०१६ पासून पुरस्कारही दिले जाऊ लागले. पण त्याहून महत्त्वाची दखल म्हणजे निर्णयात वाटा. मागील ३६५ दिवसांत किमान ४२ दिवस नकाशावर काम करणाऱ्याला ओपनस्ट्रीटमॅप फाउंडेशनच्या मोफत सदस्यत्वासाठी अर्ज करता येतो. सदस्यांना संचालक मंडळाच्या निवडणुकीत मत असते. 'डेबियन' प्रकल्पानेही २०१० मध्ये मतदान घेऊन भाषांतर, दस्तऐवज अशी कामे करणाऱ्यांना पूर्ण सदस्यत्वाचा मार्ग खुला केला.

कोणाचे श्रेय राहून जाते?

नोंद होते ती बटण दाबणाऱ्याची. नाल्याचे माडिया नाव सांगणारी आजी किंवा पावसाळ्यात बंद पडणारी वाट दाखवणारा गुराखी यांचे खाते नसते, म्हणून त्यांचा वाटा दिसत नाही. बैठका भरवणारे आणि नवख्यांना शिकवणारेही असेच मागे राहतात.

यावर साधा उपाय आहे. चेंजसेटमध्ये टिप्पणी आणि माहितीचा स्रोत लिहिण्याची सोय असते. तिथे 'गावकऱ्यांनी सांगितलेली माहिती' एवढे लिहिले तरी ती नोंद टिकते. मात्र कोणाचेही व्यक्तिगत नाव परवानगीशिवाय लिहू नये, कारण ही नोंद साऱ्या जगाला दिसते.