महानुभाव पंथाचा उदय

देवगिरीच्या यादवांच्या अमलात, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, चक्रधरस्वामींनी प्रवर्तित केलेला कृष्णोपासक, द्वैतवादी व संन्यासप्रधान पंथ. राजाश्रय, भव्य मंदिरे आणि पुरोहितवर्ग यांपैकी कशाचाही आधार नसताना तो उदयास आला, राजसत्तेच्या रोषातून टिकला आणि ज्या साम्राज्यात जन्मला ते लयास गेल्यानंतरही जिवंत राहिला. त्याचे आद्य केंद्र वऱ्हाडात होते. सातपुड्याच्या पायथ्याने अकोट, अंजनगाव, अचलपूर असा जो सुपीक पट्टा पूर्वेकडे जातो, त्याच्या पुढे अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यात रिद्धपूर (ऋद्धिपूर) हे स्थान आहे. पंथाची काशी म्हणून ते ओळखले जाते.

पार्श्वभूमी : महादेव (कार. १२६१–७१) व रामचंद्र (कार. १२७१–१३११) यांच्या काळात यादवांचे राज्य वैभवाच्या शिखरावर होते. धर्मजीवनात व्रते, दाने, तीर्थयात्रा व श्राद्धविधी यांचे प्राबल्य होते. यादवांचा मंत्री हेमाद्री याचा चतुर्वर्गचिंतामणि  हा प्रचंड संस्कृत ग्रंथ या आचारधर्माचा कोशच होय. धर्मचर्चेची भाषा संस्कृत असल्यामुळे स्त्रिया व शूद्र यांच्या वाट्यास आचरण येई. ज्ञान मात्र येत नसे.

प्रवर्तक : चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू (गुंडम राऊळ) यांचा जन्म रिद्धपूरनजीकच्या काटसुरे या गावी झाला. आईवडिलांच्या निधनानंतर ते रिद्धपुरास वाढले व तेथेच राहिले. त्यांचे वर्तन लोकांस वेडसर वाटे. तथापि सर्व जातींच्या घरी ते मुक्तपणे वावरत. चक्रधर हे पंथीय परंपरेनुसार गुजरातमधील भडोचच्या प्रधानाचे पुत्र. रामटेकच्या यात्रेस निघाले असता रिद्धपुरास त्यांना गोविंदप्रभूंचे दर्शन घडले व ज्ञानशक्ती लाभली. त्यानंतर त्यांनी सातपुड्यातील सालबर्डीच्या डोंगरात दीर्घकाळ एकांतवास केला, असे परंपरा सांगते. सु. १२६७ मध्ये पैठण येथून त्यांनी शिष्यपरिवार जमविण्यास आरंभ केला आणि पुढील काही वर्षे गोदावरीच्या परिसरात पायी भ्रमण केले.

शिकवण व अनुयायी : जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर हे चार पदार्थ अनादी आणि परस्परांहून भिन्न असून, केवळ परमेश्वरच जीवास मोक्ष देऊ शकतो, हे पंथाचे मूळ सूत्र. श्रीकृष्ण, दत्तात्रेय, चांगदेव राऊळ, गोविंदप्रभू व चक्रधर हे परमेश्वराचे पाच अवतार मानले जातात. इतर देवतांच्या उपासनेने मिळणारी फळे नाशवंत ठरल्यामुळे व्रतवैकल्यांचा पायाच नाहीसा झाला. अहिंसा, भिक्षान्न, नित्य अटन व नामस्मरण हा आचार सांगितला गेला. संन्यासाचा अधिकार स्त्रिया व शूद्र यांसही देण्यात आला. स्त्रियांच्या मासिक विटाळामुळे धर्माचरणास बाधा येत नाही, असे चक्रधरांचे मत होते. बाइसा, महदाइसा, आबाइसा या स्त्रियांना शिष्यमंडळात मानाचे स्थान होते. महदाइसेच्या जिज्ञासू प्रश्नांमुळे चक्रधरांची अनेक वचने प्रकट झाली.

राजसत्तेशी संघर्ष : व्रते व दाने निरर्थक ठरविणारी ही शिकवण प्रस्थापित आचारधर्माच्या मुळावरच येणारी होती. पैठण येथील ब्रह्मवृंद व हेमाद्री यांचा विरोध झाल्याचे पंथीय वाङ्‌मयावरून दिसते. सु. १२७४ मध्ये चक्रधर अनुयायांतून निघून गेले. ते उत्तरापंथे गेले, अशी पंथाची श्रद्धा आहे. लीळाचरित्राच्या काही पाठांच्या आधारे राजसत्तेने त्यांचा वध करविला, असे काही संशोधक मानतात.

रिद्धपूरचा काळ : प्रवर्तकाच्या वियोगानंतर पंथ विखुरण्याचा संभव होता. अशा वेळी नागदेवाचार्य (भटोबास) यांच्यासह शिष्य राजधानीपासून दूर असलेल्या रिद्धपुरास गोविंदप्रभूंच्या सेवेत एकत्र आले आणि त्यांच्या निधनापर्यंत (सु. १२८७) तेथे राहिले. मराठी गद्याचा पाया याच काळात घातला गेला. म्हाइंभटांनी चक्रधरांच्या सहवासातील व्यक्तींना गाठून, प्रत्येकाची आठवण पडताळून लीळाचरित्र  सिद्ध केले. महदाइसेचे धवळे  रिद्धपूरचेच. पुढे केसोबासांनी लीळाचरित्रातील वचने निवडून सूत्रपाठाची रचना केली. पंथात संस्कृत पंडित असूनही नागदेवाचार्यांनी मराठीचाच आग्रह धरला. संस्कृतामुळे सामान्य, वृद्ध स्त्रिया ज्ञानास मुकतील, असे त्यांचे म्हणणे होते.

रोमन साम्राज्यातील ख्रिस्ती धर्माशी तुलना : मोठ्या साम्राज्यात नवा पंथ कसा रुजतो, या दृष्टीने आद्य ख्रिस्ती धर्माशी तुलना उद्‌बोधक ठरते. दोन्हीकडे प्रवर्तकाने स्वतः काही लिहिले नाही. त्याचे चरित्र सहवासातील लोकांच्या स्मृतींतून सिद्ध झाले. ग्रीकची लोकभाषा तेथे जे कार्य करी, ते येथे मराठीने केले. प्रचलित देवतांची उपासना नाकारल्यामुळे दोन्ही पंथ संशयास पात्र ठरले. पुढील वाटचाल मात्र भिन्न आहे. डिशियस (२५०) व डायोक्लीशन (३०३) यांच्या काळातील छळानंतर ख्रिस्ती धर्मास ३१३ मध्ये मान्यता मिळाली व ३८० मध्ये तो साम्राज्याचा धर्म झाला. महानुभावांना असा सम्राट लाभला नाही. अलाउद्दीन खल्‌जीने १२९६ मध्ये देवगिरीवर स्वारी केली आणि १३१८ मध्ये यादवांची सत्ता संपुष्टात आली. ज्या सत्तेचे मन वळवावयाचे, तीच उरली नाही.

गुप्तता व पुनःप्रकाश : या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ प्रत नष्ट झाली व ती स्मरणाने पुन्हा सिद्ध करावी लागली, म्हणून तिचे अनेक पाठ आढळतात. चौदाव्या शतकात पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी इ. सांकेतिक लिप्यांत लिहिण्यास प्रारंभ केला. या लिप्यांनी ग्रंथ सुरक्षित राखले. परंतु सर्वांसाठी मराठीत बोलणारा पंथ त्यांमुळे बाहेरच्यांस अपरिचित झाला व त्याच्याविषयी गैरसमज पसरले. उपाध्ये, कवीश्वर इ. आम्नाय निर्माण झाले. पंथाचा प्रसार पुढे पंजाब व अफगाणिस्तानपर्यंत झाला. पंजाबात तो जयकृष्णी पंथ म्हणून ओळखला जातो.

विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीची उकल केली. ह. ना. नेने यांनी नागपुराहून लीळाचरित्र  संपादून प्रसिद्ध केले. वि. भि. कोलते यांची संपादित आवृत्ती १९७८ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रकाशित केली. मराठी भाषा विद्यापीठासाठी राज्यशासनाने रिद्धपूरची निवड केली व त्याचा कायदा २०२३ मध्ये झाला. पंथास राजमान्यता मिळाली नाही; त्याने निवडलेल्या भाषेस मात्र सात शतकांनंतर त्याच गावी ती लाभली.