एक आघाडी, अनेक सेनापती : १९१८ चा धडा

पहिल्या महायुद्धाबद्दल बोलताना आपण ‘दोस्तांचं सैन्य’ असं सहज म्हणतो. प्रत्यक्षात असं एक सैन्य नव्हतंच. पश्चिम आघाडीवर फ्रेंच, ब्रिटिश आणि बेल्जियन सैन्यं शेजारी शेजारी लढत होती. प्रत्येकाचा सेनापती वेगळा. साडेतीन वर्षं हे असंच का चाललं?

कारण आपले सैनिक परक्या सेनापतीच्या हाती देणं म्हणजे त्यांच्या जगण्या-मरण्याचा निर्णय दुसऱ्या देशावर सोपवणं. फेब्रुवारी १९१७ मध्ये कॅले इथे ब्रिटिश सेनापती हेग यांना एका मोहिमेपुरतं फ्रेंच सेनापती निव्हेल यांच्या हाताखाली ठेवलं गेलं. एप्रिलमध्ये निव्हेल यांची चढाई फसली आणि प्रयोगही बदनाम झाला. नोव्हेंबरात दोस्तांनी सर्वोच्च युद्ध मंडळ स्थापलं. पण त्याच्या संयुक्त राखीव फौजेसाठी तुकड्या द्यायची वेळ आली, तेव्हा हेग आणि फ्रेंच सेनापती पेतँ या दोघांनीही हात आखडता घेतला. गरज पडली तर एकमेकांना मदत करू, एवढ्यावर त्यांनी भागवलं.

ती गरज २१ मार्च १९१८ ला पडली. जर्मनांचा प्रचंड हल्ला झाला आणि दोन्ही सैन्यांचा सांधा निखळू लागला. पेतँना काळजी पॅरिसची, हेगना इंग्लिश खाडीवरच्या बंदरांची. आपापल्या जागी दोघांचंही बरोबरच होतं. पण मधलं आमियाँ शहर कोण राखणार? २६ मार्चला दुलाँच्या बैठकीत दोन्ही सैन्यांच्या समन्वयाचं काम फ्रेंच जनरल फॉश यांच्याकडे दिलं गेलं, आणि त्याला हेग यांचाच पाठिंबा होता.

३ एप्रिलला बोव्हे इथे अमेरिकनही सामील झाले आणि फॉश यांचे अधिकार वाढले. तिथलं एक कलम आपण नीट पाहूया. फॉशच्या हुकमामुळे आपलं सैन्य धोक्यात येतंय असं वाटलं, तर प्रत्येक सेनापतीला आपल्या सरकारकडे दाद मागता येणार होती. वरवर ही पळवाट वाटते. पण हा दरवाजा उघडा होता म्हणूनच सगळे आत आले. फॉश यांनाही हे कळत होतं. मोजक्या अधिकाऱ्यांना घेऊन ते हुकमापेक्षा समजावणीवर काम करत राहिले.

१९४२ मध्ये उत्तर आफ्रिकेच्या मोहिमेआधी ब्रिटिशांनी आपल्या सेनापतीला जवळपास हेच कलम दिलं, आणि आयझेनहॉवर यांनी ते बदलून घेतलं. तेव्हा मात्र दोस्तांनी एकच सेनापती मोहिमेआधीच ठरवला होता. १९१८ मध्ये त्यासाठी आघाडी फुटायची वेळ यावी लागली.