नवप्रविष्ट पोलिसांवरील मराठी मालिका आणि प्रेक्षकमत

पोलीस दलात नुकतेच भरती झालेले शिपाई, प्रशिक्षण घेणारे उपनिरीक्षक किंवा परिविक्षाधीन, म्हणजे सेवेत कायम होण्यापूर्वीच्या काळातील, अधिकारी ज्यांच्या केंद्रस्थानी असतात अशा दूरचित्रवाणी मालिकांचा एक गट मराठीत २०१९ नंतर ठळक झाला असून, त्या मालिकांविषयीचे प्रेक्षकमत हा या नोंदीचा विषय आहे. खात्याच्या परिभाषेत अशा नवागतांना ‘नवप्रविष्ट’ म्हणतात. गुन्ह्याचा तपास हाच गाभा असलेल्या पोलीसमालिकांहून हा गट वेगळा आहे. गुन्हेगार कोण हा प्रश्न येथे मागे पडतो आणि गणवेश अंगावर चढताना माणसाचे, त्याच्या घराचे व गावाचे काय होते, हा प्रश्न पुढे येतो. म्हणूनच या मालिकांचे मोल जोखताना, पोलीस भरती जेथे घरोघरी परिचयाची आहे तेथील प्रेक्षकाची नजर महत्त्वाची ठरते, आणि बीड जिल्ह्यातील उमापूर व त्याभोवतीचा गेवराई तालुका हा तसाच भाग आहे.

मराठी पोलीसमालिकांची सुरुवात मात्र अनुभवी अधिकाऱ्यांपासून झाली. मुंबई दूरदर्शनवरील ‘एक शून्य शून्य’ या मालिकेचे नाव पोलिसांना बोलावण्याच्या १०० या दूरध्वनी क्रमांकावरून आले होते (महाराष्ट्रात आता त्याची जागा ११२ ने घेतली आहे) आणि तिचे दिग्दर्शक बी. पी. सिंग यांनीच पुढे १९९८ मध्ये ‘सीआयडी’ ही हिंदी मालिका सुरू केली. रमेश भाटकर यांची ‘हॅलो इन्स्पेक्टर’ आणि त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, २०११ मध्ये, स्टार प्रवाहवर आलेली ‘लक्ष्य’ याच परंपरेतल्या होत. त्यांच्यावरील चर्चा तपासाभोवती फिरे: धागा पटतो का, संशयित आधीच ओळखू येतो का, अधिकाऱ्याचा दरारा पडद्यावर उतरतो का. तो अधिकारी अधिकारी कसा झाला, हे या मालिकांनी दाखवले नाही आणि प्रेक्षकांनीही त्याची अपेक्षा ठेवली नाही.

ती अपेक्षा प्रथम निर्माण केली ‘उडान’ने. १९८९ मध्ये दूरदर्शनच्या राष्ट्रीय वाहिनीवर सुरू झालेल्या या हिंदी मालिकेचे लेखन, दिग्दर्शन आणि मुख्य भूमिका कविता चौधरी यांची होती, तर नायिकेच्या वडिलांची भूमिका विक्रम गोखले यांनी केली होती. कथेला आधार होता कविता यांच्या भगिनी कांचन चौधरी भट्टाचार्य यांच्या जीवनाचा. भारतीय पोलीस सेवेतील या अधिकारी २००४ मध्ये उत्तराखंडच्या पोलीस महासंचालक झाल्या आणि एखाद्या राज्याचे हे पद भूषविणाऱ्या त्या देशातील पहिल्या महिला होत. कल्याणी सिंह ही नायिका स्पर्धा परीक्षा देते, प्रशिक्षण घेते, नेमणुकीच्या पहिल्याच ठिकाणी अडखळते आणि शिकते. पोलीस सेवेत जाण्याची इच्छा या मालिकेमुळे जागी झाली, असे सांगणाऱ्या स्त्रियांच्या साक्षी आजही वाचावयास मिळतात. २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने ती पुन्हा दाखविली तेव्हा तिच्या बाजूने व्यक्त झालेले मत केवळ स्मरणरंजनाचे नव्हते. तीस वर्षांनंतरही घरातल्या अडवणुकीपेक्षा कामातल्या अडचणींवर उभी असलेली पोलीस नायिका दुर्मीळ आहे, ही जाणीव त्यामागे होती, आणि ती रास्त आहे.

मराठीतील अलीकडच्या मालिकांपैकी तीन येथे विचारात घेण्याजोग्या आहेत. सोनी मराठीवरील ‘एक होती राजकन्या’ (२०१९) हिच्यात किरण ढाणे आणि किशोर कदम यांनी मुलगी व वडील साकारले असून, मुलीचे पोलीस होणे त्या नात्यातच गुंफलेले आहे. स्टार प्रवाहवरील ‘फुलाला सुगंध मातीचा’ (२०२० ते २०२२) ही ‘दिया और बाती हम’ या स्टार प्लसवरील हिंदी मालिकेची मराठी आवृत्ती होती. तिच्यातील कीर्ती (समृद्धी केळकर) लग्नानंतर, कमी शिकलेल्या पतीच्या पाठिंब्याने आणि जिजी अक्का या करड्या शिस्तीच्या सासूचे मन वळवत, भारतीय पोलीस सेवेत जाते. सन मराठीवर मार्च २०२४ मध्ये सुरू झालेली ‘कॉन्स्टेबल मंजू’ या विषयाच्या सर्वांत जवळची आहे, कारण तिची साताऱ्यातील नायिका (मोनिका राठी) स्पर्धा परीक्षेतून आलेली अधिकारी नसून साधी महिला शिपाई आहे आणि गणवेश अंगावर असूनही ती भित्री आहे.

उमापूर हे गेवराई तालुक्याच्या पश्चिम भागात, अहिल्यानगर जिल्ह्यातील शेवगाव तालुक्याच्या बाजूला असलेले गाव असून ते चकलांबा पोलीस ठाण्याच्या हद्दीत येते. बेभरवशाचा पाऊस, कोरडवाहू कापूस आणि दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे होणारे ऊसतोड मजुरांचे स्थलांतर ही या परिसराची ओळख आहे. अशा ठिकाणी पोलीस शिपायाची नोकरी ही नियमित पगाराच्या मोजक्या वाटांपैकी एक असते, आणि ती बारावीनंतर, शिकवणीचा मोठा खर्च न करता, अंगमेहनतीच्या बळावर मिळू शकते हा तिचा विशेष आहे. १९९४ च्या महिला धोरणानंतर राज्याच्या सेवांत स्त्रियांना ३० टक्के आरक्षण मिळाले, तेव्हापासून मुलींसाठीही ही वाट खुली झाली. त्यामुळे पहाटे डांबरी रस्त्यावर मुलांबरोबर मुलीही धावताना दिसणे हे मराठवाड्यात आता नवलाचे राहिलेले नाही.

या प्रेक्षकाला भरतीचे नियम तोंडपाठ असतात. शिपाई पदासाठी पुरुषांना किमान १६५ व स्त्रियांना १५५ सेंटिमीटर उंची लागते. मैदानी चाचणी, जिला उमेदवार नुसते ‘ग्राउंड’ म्हणतात, ५० गुणांची असून तिच्यात पुरुषांना १६०० मीटर व स्त्रियांना ८०० मीटर धावण्यासाठी २०, शंभर मीटरसाठी १५ आणि गोळाफेकीसाठी १५ गुण असतात. तिच्यात निम्मे गुण मिळविणाऱ्यांमधून गुणानुक्रमे निवडलेल्यांची १०० गुणांची लेखी परीक्षा होते. एका सेकंदाने मुलगा यादीबाहेर राहतो आणि वर्षभर पुन्हा धावतो, हे ज्या घराने पाहिले आहे त्या घराला मालिकेतील भरती दोन प्रसंगांत आटोपलेली पाहून जे वाटते ते मनोरंजनाविषयीचे मत राहत नाही. आपल्या कष्टाची नोंद झाली की नाही, याचा तो हिशेब असतो.

प्रशिक्षणाच्या चित्रणाविषयीचा आक्षेप याच मुळातून येतो, आणि प्रस्तुत विषयातील तो सर्वांत वजनदार आक्षेप मानावा लागेल. शिपायांचे प्रशिक्षण जालना, अकोला, लातूर, खंडाळा, दौंडजवळील नानवीज अशा केंद्रांत होते. उपनिरीक्षकांचे प्रशिक्षण १९०६ मध्ये पुण्यात स्थापन होऊन १९०९ मध्ये नाशिकला हलविलेल्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत होते. भारतीय पोलीस सेवेचे अधिकारी मसुरीतील पायाभूत अभ्यासक्रमानंतर हैदराबादच्या सरदार वल्लभभाई पटेल राष्ट्रीय पोलीस अकादमीत जातात. पहाटेची शारीरिक कवायत, उस्तादाच्या, म्हणजे कवायत शिकविणाऱ्या अंमलदाराच्या, आज्ञेवर एकसाथ पडणारी पावले, दुपारचे कायद्याचे वर्ग, गोळीबाराचा सराव, आणि अखेरीस गावाकडून आलेल्या आईवडिलांसमोर होणारे दीक्षान्त संचलन असा हा कार्यक्रम मुळातच नाट्यमय आहे. खेड्यातून आलेल्या मुलाला येथे प्रथमच दुसऱ्या जिल्ह्यातील, दुसऱ्या जातीच्या, दुसऱ्या बोलीच्या सोबत्याबरोबर एकाच बराकीत राहावे लागते. ‘फुलाला सुगंध मातीचा’ने अकादमीचा भाग दाखविला याबद्दल तिचे कौतुक होते, पण तेथेही सासरचे ताणतणाव कवायतीच्या मैदानापर्यंत पाठलाग करत राहिले, ही तक्रार टिकून आहे. निर्मात्यांची अडचण समजण्यासारखी आहे: आठवड्यातून सहा दिवस चालणाऱ्या मालिकेला मैदानावरील चित्रीकरण महाग पडते, तर दिवाणखाना कायम उभाच असतो. परंतु प्रेक्षक सोसेल तेवढेच दाखवावे या सबबीवर सर्वांत सकस भाग गाळला जातो, ही हानी खरी आहे.

घरातील नाट्याकडे मात्र केवळ दोष म्हणून पाहणे चुकीचे ठरेल. सुनेने रात्रपाळी करावी का, बंदोबस्तासाठी चार दिवस परगावी राहावे का, सण-जत्रांच्या दिवशी इतरांना सुटी असताना घराबाहेर असावे का, हे प्रश्न महिला शिपायाच्या घरात खरोखर उठतात. जिजी अक्कासारख्या सासूचे मन हळूहळू बदलते तेव्हा त्या बदलात अनेक घरांना स्वतःची शक्यता दिसते, आणि या मालिकांना मिळालेल्या पसंतीचा मोठा वाटा तेथेच आहे. आक्षेप येतो तो ‘कॉन्स्टेबल मंजू’तील मंजू आणि दांडगट सत्या यांच्यासारख्या जोडीबाबत: एक बाजू त्या प्रेमकथेत भित्र्या मुलीला बळ मिळताना पाहते, तर दुसरी बाजू विचारते की कायदा हाती घेणाऱ्या पुरुषाचे धाडसच नायिकेच्या धाडसाचे माप का व्हावे. दुसऱ्या बाजूचे म्हणणे अधिक ग्राह्य आहे, कारण नवप्रविष्ट शिपायाची भीती मोडते ती वरिष्ठ हवालदाराबरोबर केलेल्या नाकाबंदीत, पहिल्या पंचनाम्यात, तक्रार घेऊन आलेल्या बाईचे म्हणणे शांतपणे लिहून घेताना, आणि ही दृश्ये मालिकांत फार थोडी आहेत.

कार्यपद्धतीच्या चुकांवरही जाणकार प्रेक्षक बोट ठेवतात. उपनिरीक्षकाच्या खांद्यावर दोन तारे आणि लाल-निळी फीत असते. तीत गफलत झाली तर ती पोलिसांच्या कुटुंबांना तत्काळ दिसते. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, त्यामुळे त्यानंतरच्या कथानकात जुनी कलमे उच्चारली गेली की ती खटकतात. अपवादात्मक परिस्थिती वगळता सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही, आणि तशी वेळ आलीच तर महिला अधिकाऱ्याला न्यायदंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घ्यावी लागते, ही तरतूद मालिकांनी नीट दाखविली तर तिचा उपयोग प्रत्यक्ष जीवनात होईल. पदोन्नतीच्या वेगाबद्दलची शंका तर शीर्षकातच उमटली: ‘कॉन्स्टेबल मंजू’ पुढे ‘इन्स्पेक्टर मंजू’ झाली, परंतु खात्यात शिपाई आणि निरीक्षक यांच्यामध्ये हवालदार, सहायक उपनिरीक्षक, उपनिरीक्षक व सहायक निरीक्षक ही पदे असतात, आणि खात्यांतर्गत परीक्षेने काही टप्पे गाठता आले तरी हा प्रवास वर्षानुवर्षांचा असतो. बोलीचाही प्रश्न आहे. मालिकांतील ग्रामीण पोलीस सहसा सातारा-कोल्हापूरकडचे बोलतो. गेवराईच्या बाजूचा ‘कामून’, तेथील हेल आणि तेथील तुसडा वाटणारा जिव्हाळा पडद्यावर क्वचितच ऐकू येतो.

नवख्या पोलिसांच्या मालिका इतरत्रही आहेत. २०१० ते २०१५ या काळात चाललेल्या ‘रूकी ब्लू’ या कॅनडातील मालिकेत टोरोंटोच्या एका काल्पनिक ठाण्यातील पाच नवे पोलीस होते, आणि तपासापेक्षा त्यांच्या आपसांतील प्रेमसंबंधांनाच अधिक जागा मिळते, असा आक्षेप तेथेही घेतला गेला. फरक इतकाच, की तेथे नायकांना कुटुंबापासून सुटे दाखविता आले, तर मराठी मालिकेला कुटुंबासह भरती व्हावे लागते.

प्रेक्षकमत मोजण्याची अधिकृत साधने या विषयाला अपुरी पडतात. ‘लक्ष्य’ सुरू झाली तेव्हाची मोजणी प्रामुख्याने शहरी घरांची होती. ग्रामीण घरांचा समावेश असलेली आकडेवारी ब्रॉडकास्ट ऑडियन्स रिसर्च कौन्सिल, म्हणजे ‘बार्क’, ही संस्था ऑक्टोबर २०१५ पासून देऊ लागली. नमुना म्हणून निवडलेल्या घरांतील संचाला जोडलेल्या यंत्रावरून ती मोजणी होते, त्यामुळे कोणती वाहिनी किती वेळ लावली गेली हे कळते, पण प्रसंग पटला की नाही हे कळत नाही. शिवाय ऐन हंगामात फडावरच्या कोपीत राहणारे ऊसतोड कुटुंब मोबाइलवर काय पाहते, हे त्या यंत्राच्या आवाक्याबाहेर आहे. आशयाविरुद्ध तक्रार करण्यासाठी २०११ पासून ब्रॉडकास्टिंग कन्टेन्ट कम्प्लेन्ट्स कौन्सिल ही निवृत्त न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील यंत्रणा उपलब्ध आहे. तिच्याकडे हिंसा, अश्लीलता, स्त्रियांचे हीन चित्रण अशा कारणांसाठी दाद मागता येते. चुकीचे कलम, चुकीची फीत किंवा दोन प्रसंगांत उरकलेली भरती यांची तक्रार तिच्या कक्षेत बसत नाही.