कोंबडीची ठिपक्याएवढी गुणसूत्रं

गुणसूत्रं जास्त कोणाची, माणसाची की कोंबडीची? बहुतेक जण माणसाची म्हणतील. आपली ४६, कोंबडीची ७८!

मुळात ही मोजदाद सोपी नाही. माणसाची ४६ हे ठरायलाच १९५६ साल उजाडलं. तोवर पुस्तकांत ४८ छापत होते. कोंबडीचं काम तर फारच कठीण. तिच्या पहिल्या आठ-दहा जोड्या सूक्ष्मदर्शकाखाली छान दिसतात, बाकीच्या म्हणजे नुसते ठिपके. ही खरी गुणसूत्रं की कसले तरी कण, यावर कित्येक वर्षं वाद चालला होता.

२००४ साली कोंबडीचा जनुकसंच प्रसिद्ध झाला. पक्ष्यांमधला हा पहिलाच. लांबी साधारण एक अब्ज अक्षरं, म्हणजे आपल्या एक तृतीयांश. जनुकांची संख्या मात्र आपल्या जवळपास. त्यातही गंमत अशी, की त्या ठिपक्यांमध्ये डीएनए साधारण चौथा हिस्सा, पण जनुकं जवळजवळ निम्मी! घर लहान आणि माणसं भरपूर, असा प्रकार. तरी सगळ्यात बारीक ठिपके तेव्हा वाचताच आले नाहीत. भुकेशी संबंधित लेप्टिनसारखी काही जनुकं सापडेनात, तेव्हा पक्ष्यांनी ती गमावली असावीत असंही मानलं गेलं. ती होती तिथेच. आपली यंत्रं ती वाचायला कमी पडत होती. २०२३ साली कोंबडीचा जवळजवळ संपूर्ण जनुकसंच हाती आला.

पण हे ठिपके आले कुठून? मोठ्या गुणसूत्रांचे तुकडे पडून झाले असतील, असं वाटणं साहजिक आहे. २०१८ साली इंग्लंडमधल्या केंट विद्यापीठातल्या संशोधकांनी पक्षी, कासव आणि सरडा यांची गुणसूत्रं ताडून पाहिली. निष्कर्ष असा, की पक्ष्यांची ही मांडणी डायनोसॉरच्याही आधीची असावी. २०२१ साली जेनी ग्रेव्ह्ज आणि त्यांचे ऑस्ट्रेलियातले सहकारी आणखी मागे गेले. पक्ष्यांचे ठिपके साप, सरडे, कासवं यांच्या ठिपक्यांशी जुळलेच, शिवाय अँफिऑक्सस नावाच्या, पाठीचा कणा नसलेल्या माशासारख्या जिवाच्या गुणसूत्रांशीही जुळले. या जिवाची आणि आपली वाट फुटली त्याला पन्नास कोटींहून जास्त वर्षं झाली. म्हणजे ठिपके हेच मूळचे. सस्तन प्राण्यांत ते एकमेकांना चिकटले, मोठ्या गुणसूत्रांत मिसळले, उलटसुलट झाले.

सगळे पक्षी मात्र जुनी मांडणी जपून आहेत असं नाही. बहुतेकांची गुणसूत्रं ८० च्या आसपास असतात. पण बहिरी ससाण्यात ती एकमेकांना जोडली जाऊन ५० उरली, युरोपातल्या करवानकात तर ४० च. उलट आपल्याकडेही दिसणाऱ्या हुदहुदची १२६!

मला यातली एक गोष्ट फार आवडली. इतकी वर्षं आपण आपली गुणसूत्रं 'नेहमीसारखी' आणि पक्ष्यांची 'विचित्र' समजत होतो. प्रत्यक्षात जुना वाडा पक्ष्यांनी जपला, आणि भिंती पाडून मोठमोठ्या खोल्या केल्या त्या आपण. आणि जे नीट दिसत नव्हतं, ते महत्त्वाचंही नसेल असं किती सहज धरून चाललो होतो!