कॉफीची प्रत कुठे ठरते?

शिरूर-दौंड भागात कॉफी येणार नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. ड्रॅगनफ्रूट लावून झालं, उद्या कुणी कॉफीची रोपंही घेऊन येईल. अरेबिका जातीला साधारण हजार ते दीड हजार मीटर उंची, १,६०० ते २,५०० मिलिमीटर पाऊस, १५ ते २५ अंशांची हवा आणि किंचित आम्लधर्मी माती लागते. दौंड पाचशे-साडेपाचशे मीटरवर, तेही पर्जन्यछायेत. पाऊस वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास, उन्हाळ्यात पारा चाळिशीपार आणि माती काळी, चुनखडीची. पाण्याची उणीव एखादा ठिबकने भरून काढेल, पण गार रात्री कुठून आणणार?

तरीही कॉफीचं अर्थशास्त्र समजून घ्यायला भीमा-घोडकाठच्या ऊस उत्पादकाइतका तयार वाचक दुसरा नाही, असं माझं मत आहे. कारण प्रश्न दोन्हीकडे एकच आहे: तोडलेला माल किती तासांत कुठे पोचतो आणि त्याची किंमत कशावरून ठरते.

‘स्पेशालिटी कॉफी’ म्हटलं की डोंगर, धुकं आणि महागडा कप डोळ्यांपुढे येतो. खरं तर तिला मोजमाप आहे. रूढ पद्धतीत प्रशिक्षित परीक्षक कॉफी चाखून शंभरपैकी गुण देतात. ८० किंवा त्याहून जास्त मिळाले तर ती स्पेशालिटी. त्याशिवाय ३५० ग्रॅम कच्च्या बियांचा नमुना एकेक बी करून तपासतात. त्यात पूर्ण काळी किंवा पूर्ण आंबलेली बी एकही चालत नाही, किरकोळ दोषही पाचाच्या वर नकोत. म्हणजे ही प्रत जितकी चवीची, तितकीच निर्दोषपणाची. आणि बरेचसे दोष झाडावर नव्हे, तोडणीत आणि तोडणीनंतरच्या काही दिवसांत शिरतात.

उंचीचं काम त्याआधीचं. गारव्यात फळ सावकाश पिकतं. फुलोऱ्यापासून तोडणीपर्यंत अरेबिकाला आठ-नऊ महिने लागतात. बी घट्ट भरते, चवीत फळासारखा आंबूसपणा येतो. सावलीही त्याच कामाची, शिवाय भर उन्हातल्या झाडांवर खोडकिडा जास्त पडतो. पण उंची आणि सावली फक्त शक्यता देतात. त्याच डोंगरावरची, त्याच झाडाची कॉफी हलक्या भावात जाऊ शकते, आणि वर्षानुवर्षं जातही होती.

आंध्र प्रदेशातल्या पूर्व घाटातलं अरकू खोरं याचं चांगलं उदाहरण. पूर्वी विशाखापट्टणम आणि आता अल्लुरी सीताराम राजू जिल्ह्यात मोडणाऱ्या या ९०० ते १,१०० मीटर उंचीच्या मुलखात बगाता, कोंडदोरा, वाल्मीकी, पोरजा या आदिवासी समाजांची वस्ती आहे. ‘पोडू’ म्हणजे डोंगरउतारावरची फिरती शेती. तिला पर्याय म्हणून सरकारी योजनांतून इथे कॉफी आली. सिल्व्हर ओकच्या सावलीत कॉफी आणि त्याच ओकच्या खोडावर मिरीचा वेल, अशी ही लागवड. घरटी कॉफी एखाद-दोन एकर. झाडं होती, उंची होती. नव्हतं ते पुढचं सगळं. फळं अंगणात अख्खीच वाळवायची आणि व्यापारी देईल त्या भावात घालायची, असा व्यवहार होता.

कॉफीचं फळ हातात घेऊन पाहावं. पिकलेली चेरी गडद लाल असते. चिमटीत दाबली की आतून दोन बिया सुळकन निसटतात, वर बुळबुळीत गोड गर. आपल्याकडे उसाच्या पक्वतेसाठी जो हातातला ब्रिक्समापक वापरतात, तोच या गरालाही लागू पडतो. पक्व चेरीचा ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचं प्रमाण, विशीच्या आसपास भरतो, म्हणजे चांगल्या उसाइतका. फरक तोडणीत. उसाचा फड एकदम रिकामा होतो. चेरी मात्र एकाच फांदीवर हिरवी, पिवळी, लाल अशी एकत्र असते, म्हणून त्याच झाडाकडे तीन-चार वेळा यावं लागतं. मजुरीचा हिशेब घाईत असेल तर माणूस फांदी ओरबाडतो आणि हिरवी चेरी पाटीत येते. कप तुरट होतो तो तिथे.

पुढचे तास आणखी महत्त्वाचे. तोडलेल्या चेरीत आंबणं लगेच सुरू होतं. त्याच दिवशी ती पाण्यात टाकून तरंगणारी पोकळ फळं काढायची, पल्परमधून साल उतरवायची, चिकट गर सुटेपर्यंत बी टाकीत ठेवायची (हवेप्रमाणे बारा ते छत्तीस तास), धुवायची आणि मंचावर पसरून ओलावा ११ टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत परतत राहायचं. एकरभर कॉफी असलेल्या घराला हे नीट जमणं अवघड. पाच-सहा किलो चेरीतून जेमतेम किलोभर कच्ची कॉफी निघते. एवढ्याशा मालासाठी यंत्र, पाणी आणि राखण परवडत नाही.

नांदी फाउंडेशन या स्वयंसेवी संस्थेने या शतकाच्या सुरुवातीपासून अरकूत काम केलं ते नेमकं इथे. शेतकऱ्यांची सहकारी संस्था उभी राहिली आणि पक्व चेरी विकत घेऊन एका जागी प्रक्रिया होऊ लागली. २०१७ मध्ये अरकू कॉफीचं दुकान पॅरिसमध्ये उघडलं, २०१९ मध्ये ‘अरकू व्हॅली अरेबिका’ला भौगोलिक मानांकन मिळालं. बातम्या पॅरिसच्या झाल्या; बदल मात्र चेरीच्या वजनकाट्यापाशी झाला होता.

दौंडच्या शेतकऱ्याला इथे एक शंका यायलाच हवी. कारखान्याची एफआरपी, म्हणजे उसाचा किमान दर, साखर उताऱ्यावर ठरते, पण तो उतारा अख्ख्या कारखान्याचा सरासरी. माझा ऊस चौदा महिन्यांचा, पाचट काढलेला आणि शेजाऱ्याचा कोवळा असला तरी टनाला भाव एकच. मग चांगल्या उसाचे कष्ट कोण मोजतं? सामाईक प्रक्रियेत कॉफीलाही हाच धोका आहे, किंबहुना जास्त. एका पाटीतली आंबलेली चेरी सगळी टाकी नासवते. म्हणून दारातच फळ पाहून घेणं आणि उत्तम माल वेगळा ठेवून त्याचं वेगळं परीक्षण करणं भाग पडतं. अरकूत ‘जेम्स ऑफ अरकू’ नावाने असं कपिंग, म्हणजे चाखून परीक्षण, होतं. हे खर्चिक आणि वेळखाऊ आहे. पण शेतकऱ्याच्या काळजीला भाव मिळण्याचा याखेरीज दुसरा मार्ग मला दिसत नाही. सहकारी साखर कारखानदारीने हा प्रश्न सरासरीत बुडवून ठेवला, हे इथे म्हटलंच पाहिजे. दौंडमधली गुऱ्हाळं या बाबतीत निदान मोकळी: एका काहिलीचा गूळ दुसरीपासून वेगळा ओळखता येतो.

महाराष्ट्रात हा विचार लागू करायचा तर जागा एकच, मेळघाटातलं चिखलदरा. उंची सुमारे १,१०० मीटर, पाऊस भरपूर, आणि कॉफीची झाडं तिथे आहेतच. भोवती कोरकू वस्ती. पण आधी रोपं वाटण्याची घाई झाली तर अरकूची जुनी गत होईल. पहिला हिशेब पल्परचा हवा: दिवसाला किती चेरी मिळेल, किती गावांतून ती संध्याकाळच्या आत पोचेल, आणि धुतलेलं पाणी कुठे जाईल. ते गराचं आंबूस पाणी ओढ्यात सोडलं तर मासे मरतात, आणि ते ओढे व्याघ्र प्रकल्पाच्या शेजारचे आहेत.