वारा आधी कुणाचा होता

आम्ही मोखाड्याची माणसं सूर्यमाळचा वारा ओळखून आहोत. उन्हं तापली की दरीतून वर चढणारी हवा घार न थकता वापरते. असाच वारा साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावरही आहे. तिथे १९९० च्या दशकाअखेरीपासून पवनचक्क्या उभ्या राहिल्या. वीज आली, जमिनींचे भाव बदलले. पक्ष्यांचा हिशेब मात्र बराच उशिरा झाला. मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले या संशोधकांचा तिथला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. चक्क्या नसलेल्या भागाच्या मानाने चक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जेमतेम पाव उरले होते. धाक सरल्यामुळे पंख्यासारखा गळा फुलवणारे सरडे वाढले आणि माणूस जवळ आला तरी लवकर पळेनात. मला हे फार अस्वस्थ करतं. वरचा शिकारी उठला की जमिनीवरच्या जिवाचा स्वभावही बदलतो!

आमच्या शेजारी, हरसूलजवळ खोरीपाड्यात, गावकरी आणि वनखातं गिधाडांसाठी मेलेली जनावरं ठेवत आले आहेत. गिधाडांच्या बाबतीतही जाग उशिराच आली: त्यांचा जीव घेणाऱ्या, जनावरांच्या औषधातल्या डायक्लोफेनॅकवर २००६ मध्ये बंदी आली, तोवर देशातली बहुतेक गिधाडं संपली होती. पवनचक्क्या हव्यातच, कोळशाचा धूर कुणाला हवाय? पण जव्हार-मोखाड्याच्या माथ्यावर पहिला खांब रोवण्याआधी निदान वर्षभर तरी आभाळाकडे पाहा, आणि गुराख्यांना विचारा.